अंगी न लागणारा घास

मी एक जुना पायमोजा आहे, मित्रांनो. गुडघ्यापर्यंत येणारा, विणीने विरळ. थंडीत पद्मजा मॅडम परभणीहून पेडगावजवळच्या शाळेत स्कूटीवर येत, तेव्हा मी त्यांच्या पायात असे. माझा जोडीदार हरवला, आणि एके दिवशी मॅडमनी मला सातवीच्या वर्गात टेबलावर ठेवलं. त्यांच्या हातात कात्री होती. कचकन माझा चवडा कापला गेला!

"हे आपलं लहान आतडं," मॅडम म्हणाल्या.

केळं, भिजलेली बिस्किटं आणि लिंबाचा रस यांचा लगदा माझ्यात भरून त्यांनी मला पिळत नेलं. आता फाटतो, या धास्तीने मी जीव मुठीत धरला. पण माझ्या जाळीतून पातळ रस ताटलीत ठिबकू लागला. पचलेलं अन्न असंच आतड्याच्या भिंतीतून रक्तात जातं आणि चोथा पुढे सरकतो, असं मॅडमनी सांगितलं.

मग त्यांनी दोन्ही तोंडं कापलेली एक लांब प्लास्टिकची पिशवी माझ्या आत सरकवली. "आणि आतलं अस्तर बिघडलं तर?" पुन्हा पिळल्यावर लगदा तसाच दुसऱ्या टोकाने बाहेर पडला. ताटली कोरडीच राहिली.

मुलं हसली. पिंकी हसली नाही. काडीसारखे हात आणि फुगलेलं पोट असलेली ही मुलगी उठून उभी राहिली.

"मॅडम, माज्या पोटात बी आसंच व्हायलंय का? मी लय खाते, पण अंगी लागत न्हाई. रोज जुलाब होतेत. आई म्हनती, नजर लागली." "मी मरन का?"

मॅडम मला टेबलावर टाकून तिच्याजवळ गेल्या.

दोन दिवसांनी पिंकीचं घर ऊसतोडीला निघणार होतं. मॅडमनी तिच्या वडिलांना, आसारामांना, शाळेत बोलावून घेतलं आणि आधी तिला दवाखान्यात दाखवा, असं सांगितलं.

"टोळी कुनासाठी थांबत न्हाई, मॅडम. तिकडंच दाखवू."

मॅडम वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी मला पुन्हा भरलं आणि आसारामांसमोर पिळलं, आधी पिशवीशिवाय, मग पिशवी घालून. त्या ताणाने मी कडेला उसवलो. आसाराम कोरड्या ताटलीकडे बघत राहिले.

"उद्या किती वाजता यायचं दवाखान्यात?" त्यांनी विचारलं.

नंतर मी कपाटात पडून होतो. रोज हजेरीला पिंकीचं नाव पुकारलं जाई आणि उत्तर येत नसे. प्रत्येक वेळी मला वाटे, उशीर झाला.

तीन आठवड्यांनी तिची आई दैवशाला आली. रक्त तपासलं होतं, नळी घालून आतडंही पाहिलं होतं. पिंकीला गहू सोसत नव्हता. गव्हानेच आतड्याचं अस्तर झिजत होतं. आता गहू कायमचा बंद. ज्वारीची भाकरी आणि भात चालणार होता.

"ताकद यावी म्हनून मीच रोज च्यात बिस्किटं चारीत होते, मॅडम," ती म्हणाली आणि पदरात तोंड लपवून रडली.

"तुम्हाला कुठं ठाऊक होतं?" मॅडम तिच्याजवळ जाऊन बसल्या.

आईवडील उशिरा उसाच्या फडावर गेले. पिंकी गावातच मावशीकडे राहिली. चार महिन्यांत तिचं वजन तीन किलोंनी वाढलं.

मित्रांनो, माझ्यासारखा मोजा फाटला तर लगेच दिसतं. तुमच्या आतलं मात्र कुणालाच बाहेरून दिसत नाही. म्हणून पोट दुखलं, काही बिघडलं, तर लाजू नका, लपवू नका. मोठ्याने सांगा. घाबरत सांगितलं तरी चालेल.