सड्यावरून दिसणारी आगबोट

दादू मुंबईला गिरणीत गेला, तेव्हापासून त्याचा धाकटा भाऊ आत्माराम पडवीतून हलेनासा झाला. आत्माराम एकतीस वर्षांचा, अंगाने दांडगा, समज मात्र पाच वर्षांच्या मुलाची. दादू असताना दोघे मिळून पेंढा वाहायचे, शिमग्यात पालखीमागे धावायचे. आता दोन वर्षांत आत्मारामचे पाय सुजले. न्हाणीपर्यंत गेला तरी त्याला धाप लागे.

वैद्य म्हणाले, "औषध कसलं द्यायचं? याला चालवा."

दादूची बायको मालन रोज मनधरणी करी. आत्माराम खांबाला मिठी मारून बसे. "दादा येल तवा चालीन."

एक दिवस मालन म्हणाली, "भावोजी, सड्यावरनं मुंबयची आगबोट दिसते. बघायची?"

त्याने खांब सोडला. पहिल्या दिवशी तो परसातल्या फणसापर्यंत पोचला आणि खाली बसला. मालन न रागावता शेजारी बसली. मग रोज सड्याच्या उंच माळावर चढणाऱ्या दगडी पाखाडीच्या चार पायऱ्या जास्त. शेजारणी हसत, "खुळ्याला घेऊन कुठे भटकते ही!" दिवाळी सरल्यावर एकदाची दोघांनी सड्यावरून बोट पाहिली.

"दादा त्यात हाय?"

"ठाऊक नाय," मालन म्हणाली. खोटं बोलवेना. तिचीही नजर त्या धुरावरून हलत नव्हती.

शिमग्याला गावचा केरू मुंबईहून आला. त्याने निरोप आणला, दादू याही वर्षी येणार नव्हता. त्या दुपारी मालन चुलीपाशी पडून राहिली.

"वयनी, ऊठ. बोटीची येळ झाली," आत्माराम म्हणाला.

"आज नको. ते यायचे नाहीत."

त्याने तिचा हात धरला. "मग आपणच बंदरावर जाऊया. तिथनं हाक मारूया."

बंदर दीड कोस. आत्माराम वाटेत कुठेच बसला नाही. उलट मालनसाठी दोनदा थांबला. ते पोचले तेव्हा मुंबईला जाणारी बोट निघाली होती.

"दादा! ए दादा!" आत्मारामने घसा फोडला. माणसं वळून पाहू लागली.

लग्नाला आठ वर्षं झाली, मालनने नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. पदर तोंडाशी धरून ती हळूच म्हणाली, "दादू."

"मोठ्यानं गो," आत्माराम म्हणाला.

तिने पदर सोडला आणि हाक मारली.