मुफ्लिहची बावीस मिनिटं

फिल्म गुरुवारी दाखवली जाणार होती आणि मंगळवारी दुपारी आमच्या दारात पाच गाड्या येऊन थांबल्या. वडिलांनी खिडकीतून पाहिलं.

"सत्ताम, चांगले गालिचे काढ," ते माझ्या भावाला म्हणाले. "जाहा आलीय."

आमच्याकडे, जॉर्डनच्या करकमध्ये, जाहा येते ती काहीतरी मागायलाच. वडीलधारी मंडळी एकतर मुलगी मागायला येतात, नाहीतर खून माफ करून घ्यायला. आमच्या घरात लग्नाची मुलगी नव्हती आणि खूनही कुणी केला नव्हता. होते ती मी.

"तुझ्यासाठीच आलेत," सत्ताम कॉफीचं भांडं आगीवर ठेवत म्हणाला. "पण बावन्नाव्या वर्षी मागणी असेल असं काही वाटत नाही."

सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या घरात शिरून प्रश्न विचारण्याचा धंदा केला. आधी फोटो काढले, मग फिल्म केल्या. मोसूलमध्ये डावा कान गेला, सनामध्ये गुडघा. बक्षिसं मिळाली, ती अम्मानच्या फ्लॅटमध्ये बुटांच्या कपाटावर पडून आहेत. वडिलांनी माझं एकही काम पाहिलेलं नाही. कुणी विचारलं तर "ती फोटो काढते" म्हणतात, जशी काही मी लग्नाचे अल्बमच करते.

ही फिल्म मात्र घराजवळची होती. खाणीच्या गाळाच्या तळ्याशेजारी एक विहीर आहे. एक कंत्राटदार तिचं पाणी टँकरने शाळेला पुरवत होता आणि अकरा मुलांची मूत्रपिंडं गेली होती. तीन वर्षं मी कागद गोळा केले, पण टँकर कुठे भरतात हे डोळ्यांनी पाहिलेला आणि चेहरा न झाकता सांगायला तयार झालेला माणूस एकच, ड्रायव्हर मुफ्लिह. त्याची बावीस मिनिटं काढली तर बाकीची फिल्म चॅनलचे वकील दाखवू देणार नव्हते. आणि आठ दिवस तो माझा फोन उचलत नव्हता.

मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून ऐकत होते. पंधरा-सोळा पुरुष बसले. सत्तामने पहिला प्याला मुफ्लिहच्या जमातीचे शेख अबू तराद यांना दिला. त्यांनी तो ओठाला न लावता गालिच्यावर ठेवला.

"अबू सत्ताम," ते वडिलांना म्हणाले, "आमचं मागणं मान्य झाल्याशिवाय ही कॉफी आम्ही पिणार नाही. तुझ्या मुलीच्या फिल्ममधून आमचा माणूस काढायचा."

वडील हो म्हणतील अशी माझी खात्री होती. एवढ्या दाढ्यांना रिकाम्या हातांनी परत पाठवणारा माणूस नव्हे तो. मला विचारण्याचा तर प्रश्नच नव्हता.

"फिल्म माझी नाही," वडील म्हणाले. "जिची आहे तिच्याकडे मागा. नजूद, आत ये. इथं बस."

त्यांनी आपल्या उजव्या हाताची जागा दाखवली. कुणीतरी खोकलं. मी ओल्या हातांनी जाऊन बसले आणि खरं सांगते, कुठल्याही बक्षिसापेक्षा ती जागा मला मोठी वाटली.

शेखांना सगळं पुन्हा, माझ्याकडे बघून, बोलावं लागलं. "पोरी, त्याच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडायला आलंय. मुलाला कामावरून काढलंय. तू उद्या विमानात बसशील. याला इथंच राहायचंय."

मुफ्लिह दारापाशी सगळ्यांत शेवटी बसला होता, मान खाली घालून. अशा माना मी फार पाहिल्यात. त्रिपोलीतली नर्स, बसऱ्याचा कारकून, सगळे शेवटी असेच बसले होते. माणूस माघार घेतो तेव्हा त्याला डिवचू नये, हे मी धंद्यात उशिरा शिकले होते. आणि मी दमले होते. कुणीतरी येऊन हे ओझं उतरवावं असं मला कितीतरी दिवस वाटत होतं.

"कॉफी प्या, शेख," मी म्हणाले. "ज्या कामासाठी आलात ते झालं."

"अल्ला तुझं भलं करो," ते म्हणाले आणि प्याले. मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची आज लाज वाटते.

सत्ताम एकेकाला कॉफी देत गेला. शेवटी मुफ्लिहपाशी पोचला. मुफ्लिहने प्याला घेतला आणि भरलेलाच खाली ठेवला.

"पी की," शेख म्हणाले.

"मी काही मागितलं नाही," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "माझा फोन यांनी काढून घेतलाय, ताई. गाडीत घालून आणलं. म्हटलं आणू दे, ताई समोर आहेत, त्या मला विचारतील. शूटिंगचे दोन दिवस तुम्ही मला एकेक गोष्ट चार-चारदा विचारत होता. म्हटलं, आजही विचारतील."

"विचारलं असतं तर?" मी म्हणाले.

"तर फिल्ममध्ये मला राहू दे म्हणालो असतो. घरी बायकोशी बोलून आलो होतो."

मी वडिलांकडे पाहिलं. ते गालिच्याकडे बघत होते. "शब्द या घरात दिला गेलाय, नजूद," ते हळूच म्हणाले. शेखांचा प्याला रिकामा होता. पंधरा माणसांनी पाहिलं होतं.

मुफ्लिह पाचांपैकी एकाही गाडीत बसला नाही. हमरस्त्याकडे पायी निघाला आणि गाड्या त्याच्या बाजूने धूळ उडवत गेल्या. आता जमातीत त्याला दारात कोण उभं करणार होतं? कंत्राटदाराचं मात्र काहीच बिघडलं नव्हतं.

संध्याकाळी मी चॅनलला कळवलं. गुरुवारी त्यांनी दुसरंच काहीतरी दाखवलं.

शुक्रवारी मुफ्लिहच्या बायकोच्या नंबरवर फोन केला. त्यानेच उचलला.

"विचारा, ताई," तो म्हणाला.

मंगळवारी विचारायचा राहिला होता तो एकच प्रश्न माझ्याकडे होता.