नात्याबाहेरचं मूत्रपिंड

वनमालाचा लेख परदेशी मासिकात छापून आला आणि महिनाभरात तिच्या गावाहून, भूमहून, सत्काराचं बोलावणं आलं. तिला आनंद झाला, नवलही वाटलं. विष्णुपंत गुरुजींची मुलगी मुंबईत मोठी डॉक्टर झाली, एवढं गावाला ठाऊक होतं. पण मूत्रपिंड रोपणावरचा लेख तिथं कोण वाचणार?

शहाऐंशीचं साल. पावसानं पुन्हा दगा दिलेला. उसाअभावी साखर कारखाना बंद होता, पण चेअरमन नानासाहेबांच्या मंडपाला कनाती कोऱ्या होत्या. शाल-नारळ झालं. मग नानासाहेब बोलायला उठले आणि वनमाला सावध झाली. हातात कागद नसताना ते तिचा लेख घडाघडा सांगत होते. नव्या औषधामुळं नात्याबाहेरच्या माणसाचं मूत्रपिंडही आता शरीर स्वीकारतं, देणारा उरलेल्या एकावर धडधाकट जगतो. बोलताना त्यांना धाप लागत होती. पापण्या सुजलेल्या, चेहरा मातकट. असे चेहरे ती रोज वॉर्डात बघत होती.

जेवणं झाल्यावर त्यांनी तिला आतल्या खोलीत नेलं.

"माझी दोन्ही गेली, ताई. भाऊ हाय, पोरं हायत. पण मागायची येळ आली आन् सगळ्यांनाच काय ना काय दुखणं निघालं." ते हसले. "मग कारखान्यानं आरोग्य शिबीर घेतलं. गड्यांचं, बायामाणसांचं, सगळ्यांचं रगत तपासलं. जुळणारी लई निघाली."

"शिबीर कशासाठी आहे, हे त्यांना सांगितलं होतं?"

"आता सांगितलंय की."

त्यांनी दार उघडलं. ओसरीवर मच्छिंद्र उकिडवा बसला होता. कारखान्यातला हंगामी मजूर. प्यायला पाणी नव्हतं त्या दिवसांत तो डोक्यावरून आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आला होता.

"तपासा. तुमच्याच दवाखान्यात करू," नानासाहेब म्हणाले.

वनमालानं मच्छिंद्रला अंगणाच्या टोकाला नेलं. "तुम्ही नाही म्हणा. जबरदस्ती झाली तर मी तक्रार करीन."

"जबरदस्ती न्हाय, बाई. कायम करतो म्हणलेत. वस्तीवरचा टँकर बी त्येंच्याच शब्दावर येतो." तो जरा घुटमळला. "एका गुर्द्यावर माणूस जगतंय, असं तुमीच लिवलंय म्हणं. खोटं हाय का त्ये?"

खोटं नव्हतं. पण तिच्या लेखातल्या माणसांना दूध होतं, विसावा होता, घोटभर पाण्यासाठी त्यांना टँकरची वाट बघावी लागत नव्हती. ते तिनं लिहिलं नव्हतं. लिहावंसं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिनं त्याचा रक्तदाब मोजला. उत्तम होता. परत आत येऊन ती म्हणाली, "याचा रक्तदाब वाढलाय. हा चालणार नाही."

नानासाहेब रागावले नाहीत. "बरं. दुसरं बघू," एवढंच म्हणाले आणि तिच्यासाठी जीप काढायला सांगितली.

उन्हाळा लागता लागता ओळखीच्या एका सर्जनकडून तिला कळलं, भूमच्या चेअरमनचं ऑपरेशन दुसऱ्या शहरात खासगीत झालं. मूत्रपिंड देणारी बाई होती. जाईबाई, कुणा मच्छिंद्रची बायको.

वनमाला मिळेल त्या गाडीनं निघाली आणि थेट वस्तीवर गेली. मच्छिंद्र खाकी कपडे घालून कारखान्याच्या फाटकावर नोकरीला गेला होता. जाईबाई घरात बाजेवर पडून होती.

"घरात आणखी कुणाचं जुळतंय का, म्हणून इचारलं त्येंनी," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "ह्यांना तर तुमी न्हाय म्हणला हुता. मग म्या गेले."

वनमालानं जखम पाहिली. मग जाईबाईच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला.

"पाणी किती पिता?"

"टँकर येतो तवा पिते. सूज हाय व्हय? रातीची लई चढती."

"आजच माझ्याबरोबर चला. मुंबईला."

"ह्यांना इचारते."

दारात अंधारून आलं. शेजारची सीताबाई उंबऱ्याशी येऊन उभी होती. जाईबाईकडं नव्हे, डॉक्टरच्या पिशवीकडं बघत होती.

"बाई, आमचं बी रगत बघता का? त्या शिबिराला आमी कामावर हुतो. परंड्याच्या एका सावकाराला बी गुर्दा पायजे, म्हणत्यात."

तिच्या मागं वस्तीवरच्या बाया एकेक करून अंगणात येऊन बसत होत्या, चोळीच्या बाह्या दंडावर सारून.