टबातले पांढरे डाग

माझे थोरले दीर अनिलभाऊजी लोटे एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत आहेत, म्हणून रसायनातलं आमच्या घरात फक्त त्यांनाच कळतं. बाकी आम्ही सगळे दगड. पावसच्या आमच्या होमस्टेत गरम पाण्याचा टब आला, तोही त्यांच्याच हट्टाने. मुंबईचे पाहुणे आंब्याच्या कलमांच्या सावलीत बुडून बसणार म्हणे. आणि खरंच बसायला लागले.

गेल्या आठवड्यात टब रिकामा केला, तर निळ्या अ‍ॅक्रिलिकच्या बैठकीवर गोल पांढरे डाग. भाऊजींनी एक नजर टाकली आणि निकाल दिला, "जनीने संडासाचं अ‍ॅसिड ओतलंय."

जनीकाकी आमच्याकडे साफसफाईला येते. तिने ओतलं असतं तर तसं सांगितलं असतं, वर आम्हालाच दोन शब्द सुनावले असते.

"मी नाय ओतलं," ती म्हणाली. भाऊजींनी ऐकलंही नाही. कुठूनसा थिनर आणून फडक्याने डाग घासत बसले. डाग होते तिथेच राहिले, आजूबाजूची चकाकी मात्र गेली. तो रागही जनीकाकीवरच.

"एवढी खरी असशील तर रविवारी देवळात नारळ ठेव. तोवर कामाला येऊ नकोस," ते तिला पाहुण्यांदेखत म्हणाले.

नारळ ठेवायचा म्हणजे ग्रामदेवतेसमोर, गावाच्या साक्षीने शपथ घ्यायची. घेतली तरी लोक म्हणणार, काहीतरी असल्याशिवाय का वेळ आली? मग त्या बाईला कोण दारात उभं करणार?

रविवारी सकाळी टबाचं सामान आवरताना क्लोरीनच्या गोळ्यांच्या डब्यामागे एक जाळीदार डबी सापडली. पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती. गोळ्या त्या डबीत घालून ती पाण्यावर तरंगत सोडायची, असं चित्रच होतं वर. माझं डोकं सणकलं. एक गोळी घेऊन टबात उतरले आणि डागावर ठेवली. तंतोतंत बसली. शेजारच्या डागावरही बसली.

"भाऊजी, या गोळ्या तुम्ही कशा टाकायचात?"

"कशा म्हणजे? विहिरीत जंतू मारायला टीसीएल पावडर टाकतो तशा. वरून."

विहिरीच्या तळाला कातळ असतो. इथे गोळी बुडून बैठकीवर बसायची आणि विरघळेपर्यंत तिथला रंग खायची. मी त्यांना गोळी डागावर ठेवून दाखवली. त्यांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच.

"झालं ते झालं. रंगच उडालाय, तो काही परत येत नाही. जनीला उद्यापासून ये म्हणून सांग. देवळात विषय नको, घराची अब्रू आहे."

म्हणजे आळ घ्यायचा सगळ्यांदेखत आणि परत घ्यायचा तो मागच्या दाराने. घराला अब्रू आहे, जनीकाकीला नाही. गोळी कागदात गुंडाळली आणि म्हटलं, "मी देवळात चाललेय. तुम्ही नाही आलात, तर तुमचं मीच सांगेन."

आले. न येऊन करतात काय?

देवळात मानकरी बसले होते, अर्धी वाडी जमली होती. जनीकाकी नारळ हातात घेऊन एकटीच खांबाशी उभी होती. तिच्याजवळ कोणी उभंही राहिलं नव्हतं. मी गोळी मानकऱ्यांपुढे ठेवली आणि घडलं ते सगळं सांगितलं. भाऊजी खाली बघत म्हणाले, "चुकून झालं गो जनी. उद्यापासून ये कामाला."

जनीकाकी एरवी त्यांना अनिलभाऊ म्हणते. पुढे येऊन तिने नारळ त्यांच्या हातात दिला.

"आता तू ठेव, अनिल. जनीवर घातलेला आळ खोटा होता, असं देवीला सांग. आणि कामाचं म्हणशील, तर तुझा टब तूच घास."

भाऊजी नारळ ठेवून काहीतरी पुटपुटले.

"मागच्यांना ऐकायला नाय आलं," जनीकाकी म्हणाली, आणि त्यांना ते पुन्हा बोलावं लागलं.