लव्हाळ्यातली भांगवाली

मित्रांनो, मी एक जुना विळा आहे. वाकून गवत कापायचा नव्हे; माझा दांडा माणसाएवढा उंच, पाते हाताहून लांब. पोलंडमध्ये बिएब्झा नदीच्या दलदलीत, घोटाभर पाण्यात उभ्याने लव्हाळे कापण्यात माझी उमर गेली. लोहाराने मला माझा आताचा मालक विन्सेंटी याच्या बापासाठी घडवले. तेव्हा उन्हाळ्यात गावातले सगळे विळे एका ओळीने चालत, आणि कुणी माझ्या धारेचे कौतुक केले की मला हुरूप येई.

मग यंत्रे आली. ती दलदलीत रुतत, म्हणून लोकांनी दलदलच सोडून दिली. तिथे झुडपे माजली. मी गोठ्यात खिळ्याला टांगलेला, गंजत पडलो. कोंबड्या माझ्या दांड्यावर झोपत.

विन्सेंटीने म्हातारपणी गाय घेतली, तेव्हा मला पुन्हा धार मिळाली. काही उन्हाळ्यांत आम्ही झुडपे हटवून लव्हाळ्याचा एक तुकडा मोकळा केला.

एका जुलैत तिथेच कापत असताना माझ्या पात्यापुढून एक तपकिरी पाखरू भुर्रकन उडाले. त्याच्या चोचीत अळी होती. मागून गवत गोळा करणारी विन्सेंटीची बायको गेनोवेफा ओरडली, "अहो, थांबा! घरटं असेल."

"ओढ्याकाठी असले वटवटे ढिगानं आहेत. पाऊस आला तर गवत वाळणार नाही; मग गाय हिवाळ्यात काय खाईल, तुझी बडबड?" विन्सेंटी म्हणाला.

"आधी माल्विनाला दाखवू."

माल्विना शेजाऱ्यांची मुलगी, पक्ष्यांचा अभ्यास करणारी. ती दुर्बीण घेऊन आली आणि पाखरू परतेपर्यंत चिखलात बसून राहिली.

"काका, ओढ्याकाठच्या वटवट्याचा माथा गडद असतो. हिचा बघा."

विन्सेंटीने दुर्बीण लावली. "अगं, हिनं तर मधोमध भांग पाडलाय!"

"तीच खूण. हा वटवट्या दुर्मीळ आहे. आफ्रिकेहून येतो. झुडपं माजली की येत नाही. तुम्ही मोकळं केलंत, म्हणून आला. आता पिल्लं उडेपर्यंत कापू नका."

"आणि हिचा नवरा कुठाय?"

"तो संध्याकाळी नुसता गातो. पिल्लं एकटी आईच वाढवते."

"म्हणजे आमच्याच घरातली रीत!" गेनोवेफा म्हणाली.

विन्सेंटी हसला, पण ढगांकडे बघत राहिला. मला मात्र त्याने खांद्यावर टाकले आणि घरी नेले.

पाऊस आलाच. लव्हाळे जून झाले. गोठा निम्मा रिकामा पाहून माल्विनाचा बाप गाडीभर गवत टाकून गेला. "गाय माझीही शेजारीण आहे," एवढेच तो म्हणाला.

ऑगस्टच्या शेवटी आम्ही उरलेला तुकडा कापला. घरटे रिकामे होते. विन्सेंटीने ती गवताची वाटी तळहातावर धरली. "एवढ्याशा घरात सगळी मावली कशी गं?" तो पुटपुटला. त्या दिवशी मला माझ्या धारेपेक्षा त्या हाताचा अभिमान वाटला.

मित्रांनो, पात्याला आपणहून थांबता येत नाही. थांबतो तो हात. म्हणून कापण्याआधी समोर कोण राहते ते ओळखा. आणि ते उडून गेले, की कापायला मात्र विसरू नका.