लुचियाची उरलेली गोष्ट

सुज्ञ वाचकहो, पुढे सादर होत असलेली कथा इटली देशातील एका युद्धकालीन प्रेमकादंबरीवरून मांडवीच्या वाचनमंडळात माजलेल्या मतभेदाची आहे. आणि त्या मतभेदापायी एका स्त्रीच्या ओठांपर्यंत आलेले उत्तर कसे माघारी फिरले, त्याचीही आहे. ती शांत चित्ताने वाचावी, एवढीच प्रार्थना.

कमळाताईंनी पिशवीतून कादंबरी काढली, पदराने तिचे पुठ्ठे पुसले आणि उसने भांडे परत करावे तशी ती मृणालीपुढे, तिच्या ओटीवरच्या सतरंजीवर ठेवली.

"मला नाही आवडली," त्या म्हणाल्या. "लिहिलीय चांगली. पण माणसाला धीर देत नाही."

समोर बसलेल्या राजाभाऊंनी चष्मा काढून हातात धरला. कारण हे मत कादंबरीपुरते नव्हते, हे त्या ओटीवर त्या दोघांनाच ठाऊक होते. राजाभाऊ पोस्टातून निवृत्त झालेले विधुर गृहस्थ. गेल्या रविवारी मांडवीच्या जेटीवर फिरता फिरता त्यांनी विचारले होते, "कमळाताई, यापुढचं आयुष्य आपण दोघांनी मिळून काढावं, असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?" कमळाताई पाण्याकडे पाहत म्हणाल्या, "हातातलं पुस्तक संपलं की सांगते."

वेळ मारून नेण्यासाठी उच्चारलेले ते वाक्य होते. परंतु त्यानंतर कादंबरीचे प्रत्येक पान त्यांना कौल लावल्यासारखे वाटू लागले. लुचिया ही डोंगरावरच्या गावातील पाववाल्याची मुलगी. तिचा मार्को लढायला रानात जातो. युद्ध सरते, परतायचे ते परततात, मार्को येत नाही. शेवटच्या पानावर लुचिया खिडकी लावून घेते. कमळाताईंचे यजमान यशवंत हेही असेच मासेमारीची बोट घेऊन गेले होते आणि परतले नव्हते. त्या खिडकीचा आवाज कमळाताईंना आपल्याच घरात ऐकू आला. जगाच्या दुसऱ्या टोकालाही बाईने हेच करायचे असते, अशी त्यांनी मनाची समजूत घातली, आणि "नाही" हे उत्तर ठरवूनच त्या आज आल्या होत्या.

"धीर देत नाही?" राजाभाऊ चकित होऊन म्हणाले. "अहो, मी तर हसत हसत संपवली."

"हसत? इतकी माणसं मरतात, तिथं हसलात?"

"मरतात कुठं? मिलानहून नात येते घर विकायला, आणि आजी तिला काही विकू देत नाही. सगळं पुस्तक त्या घासाघिशीचं."

भिंतीला टेकून बसलेले गंगाराम पुढे सरकले. यशवंतांचे हे थोरले बंधू, म्हणजे कमळाताईंचे दीर. आयुष्य आगबोटीच्या इंजिनापाशी गेल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नसे.

"राजाभाऊ, पुस्तक वाचलंत की उशाला घेतलंत? दुसऱ्या पानावर बॉम्ब पडतोय!"

"दुसऱ्या पानावर ती मोबाईलला रेंज शोधतेय."

"लढाईत मोबाईल! पोस्टात पत्तेपण असेच वाचायचात काय हो? तरीच माझी पत्रं राजापूरला जाऊन यायची."

मृणाली पदर तोंडाला लावून हसू लागली. वाचनमंडळ तिच्याच ओटीवर भरत असे आणि पुस्तकेही तिचीच; परंतु सर्वांचे वाचून होईपर्यंत आपण हात लावायचा नाही, असा तिचा नेम होता. त्यामुळे निवाडा करायला तीही असमर्थ होती.

"हसा तुम्ही," राजाभाऊ म्हणाले. "पण ती आजी आणि तिचा पिएत्रो पावातल्या मिठावरून रोज भांडतात ना, नव्वदी ओलांडलेली माणसं, त्या भांडणांसाठी तरी पुस्तक वाचावं."

पिशवीचे बंद आवळणारा कमळाताईंचा हात थांबला.

"तिचा कोण म्हणालात?"

"पिएत्रो. तिचा नवरा."

"आणि त्या आजीचं नाव?"

"नात तिला आजीच म्हणते. नाव एकदाच आलंय कुठंतरी. लुचिया."

मग कमळाताई सावकाश म्हणाल्या, "पिएत्रो गिरणीवाला. माझ्या पुस्तकात तो गाढवावरून पीठ घेऊन येतो. पोतं उतरवतो नि जातो. एक अक्षर बोलत नाही."

"माझ्यात तर तो गप्पच बसत नाही," राजाभाऊ म्हणाले.

मृणालीने दोघांची पुस्तके शेजारी शेजारी ठेवली. दोन्हींवर नाव एकच. तिने अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे हाक मारली, "रावजीकाका, जरा या बघू इकडे!"

रावजी हे शेजारी राहून जुन्या पुस्तकांची बांधणी करीत. पावसाळ्याच्या ओलीने या कादंबरीची शिवण उसवली, पाने सुटी झाली, तेव्हा ती त्यांच्याकडेच गेली होती. परत आली ती दोन पुस्तके होऊन; दुसरी प्रत रावजींनीच कुठूनशी मिळवली असेल, असे समजून मृणालीने ती न उघडताच वाचायला दिली होती. प्रकार ऐकून ते जराही वरमले नाहीत.

"मग काय करणार गो? थोडी पानं लढाई, थोडी पानं मोबाईल, परत लढाई. मी म्हटलं, छापणाऱ्यानं दोन पुस्तकांची भेसळ केलीन. हापूस नि पायरी एका पेटीत भरतं काय कोण? निवडून वेगळी लावली."

"अहो, पण पानांवरचे आकडे?"

"मालाकडं बघायचं की आकड्यांकडं? दुसऱ्या पुस्तकाचं नाव तेवढं मिळेना, म्हणून दोघांवर एकच घातलं."

गंगारामांनी कपाळावर हात मारून घेतला. मृणाली म्हणाली, "बरं झालं आज कळलं. काका, आता सगळं उसवून परत एकत्र शिवून द्या."

"नको," कमळाताई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. त्यांनी मान खाली घातली, तरी हात पुढे करून दोन्ही पुस्तके जवळ ओढली.

"असंच वाचता येईल. एक प्रकरण ह्यातलं, एक त्यातलं. दोघांनी समोरासमोर बसायचं म्हणजे झालं."

गंगारामांनी आधी भावजयीकडे पाहिले, मग राजाभाऊंकडे. राजाभाऊ चष्मा उगाच पुसत होते. गंगाराम गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि पायरीवरच्या चपला पायाने शोधू लागले.

"मृणाली, मला दुसरं कायतरी दे गो वाचायला. ह्याचा शेवट कळला मला."

"भावोजी, बसा ना," कमळाताई घाईने म्हणाल्या.

"तू बस," ते म्हणाले. प्रथमच त्यांचा आवाज हळू आला. "आमच्या यशवंतालापण अर्धवट टाकलेलं काय आवडायचं नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी राजाभाऊ कमळाताईंच्या पडवीत आले. दार सताड उघडे होते आणि बाकासमोर एक खुर्ची मांडलेली होती. कमळाताईंनी पहिले प्रकरण मोठ्याने वाचले. बॉम्ब पडला तिथे आवाज कापरा झाला, पण थांबला नाही. मग राजाभाऊंनी आपले वाचले. नात बसमधून उतरली आणि तिला रेंज मिळेना, तेव्हा कमळाताई खुदकन हसल्या.

"संपल्यावर सांगणार होतात," पुस्तक मिटताना राजाभाऊ म्हणाले.

"मग? संपलंय कुठं?" त्यांनी चहाचा कप पुढे केला. "रोज दोनच प्रकरणं वाचायची. घाई नको."

राजाभाऊंनी उरलेली पाने अंगठ्याने चाळून पाहिली.

"तरी आंब्याला मोहोर येईस्तोवर संपेल. त्यानंतर?"

कमळाताईंनी अंगणातल्या कलमाकडे पाहिले.

"मृणालीकडं पुस्तकांना काय तोटा आहे?"

अल्पमतीस जसे सुचले तसे येथे मांडले. आपला अमूल्य वेळ देऊन जे येथवर आले, त्या सर्व वाचकांचा ऋणी आहे.

संदेश रामचंद्र भाटकर, मांडवी, रत्नागिरी