पकडीचं माप

प्रयोगशाळेत तिघांची मोट बांधली होती: नसांचा डॉक्टर, कातडीसारखं मऊ रबर बनवणारा रबरवाला आणि मोटरी-तारा सांभाळणाऱ्या इंजिनिअरबाई. तिघांनी मिळून एक कृत्रिम हात केला होता, आणि त्यापायी बाईंनी बाकीचं जगणं गुंडाळून ठेवलं होतं. तसं गुंडाळायला फार काही नव्हतंच म्हणा. भाऊ फोन करायचा, पण ‘जेवलीस का’च्या पुढे दोघांची गाडी सरकत नसे.

हात मिळाला एका सुताराला. त्याचा उजवा पंजा करवतीनं नेला होता. नव्या हातानं पेला उचलला, अंडं न फोडता धरलं, हातोडाही पेलला. तिघांना आभाळ ठेंगणं झालं. पण थोड्याच दिवसांत सुतार बायकोला घेऊन परत आला आणि हात काढून त्यानं टेबलावर ठेवला. बायकोला जवळजवळ दिसत नसे. सुतार लंगडायचा, त्याच्या डाव्या हातात काठी, म्हणून ती त्याचा उजवा धरून चालायची.

“या हातानं मला भर रस्त्यात सोडलं,” ती म्हणाली. “धरतो, दाबतो आणि सोडून देतो. गाडी अंगावर आली होती माझ्या.”

सुतारानं सांगून टाकलं, की आज जमलं नाही तर असा हात नको, आपण थोटेच बरे.

डॉक्टरनं रबरावर खापर फोडलं, रबरवाल्यानं नसांवर. चूक कुणाची ते बाईंना कळून चुकलं होतं. हात धरायची पकड त्यांनीच शिकवली होती. सेन्सरचा हातमोजा घालून कुणाचा तरी हात धरायचा, की झालं माप. पण कुणाचा धरायचा? विचारायची लाज वाटली, म्हणून त्यांनी रबरवाल्याकडचा नमुन्याचा पंजा आणला, दार लावून घेतलं आणि तो धरला. रबराचा हात माणूस किती वेळ धरणार? दर वेळी त्या ओशाळून लगेच सोडायच्या. यंत्र बिचारं आज्ञाधारक, तेवढंच शिकलं.

हे त्यांनी खाली मान घालून सांगितलं. रबरवाल्याला हसू फुटणार होतं, पण डॉक्टरनं डोळे वटारले.

“मग आणा तो मोजा,” सुताराची बायको म्हणाली. “माझा धरा.”

बाईंनी धरला. पडद्यावर पकडीची रेघ चढली आणि लगेच घसरली. पुन्हा धरला, पुन्हा तेच. तेव्हा तिनं बाईंना उठवलं आणि चालायला लावलं.

“मला दिसत नाही, लक्षात ठेवा. सोडलात तर पडेन मी.”

दोघी दाराबाहेर पडल्या. खुर्च्या चुकवत, पायरी आली की सांगत बाई तिला जिन्यापर्यंत घेऊन गेल्या आणि परत आल्या. मोज्यात तळवा घामेजला. कुणी आपल्या भरवशावर पाऊल टाकतंय हे किती वर्षांत झालं नव्हतं. रेघ मात्र जराही खाली आली नाही.

रबरवाल्यानं नवी पकड कृत्रिम हातात भरली. सुतारानं हात चढवला, मूठ वळून पाहिली, काठी उचलली. माप कधीच संपलं होतं. बाई अजून तशाच उभ्या होत्या.

“आता सोडा, बाई,” सुताराची बायको हळूच म्हणाली. “आम्हाला घरी जायचंय.”